दलिचंद करंडक आणि मुद्दाम हरणारा पितांबर

…आणि वर तोंड करून विचारतात, "धुळ्यात कधी स्नूकर होतं का हो?" होतं का म्हणजे? तुम्हाला सांगतो, नुसतं स्नूकर नव्हतं, व्यावसायिक स्नूकर होतं! अखिल खान्देश व्यावसायिक स्नूकर स्पर्धा, दलिचंद करंडक! आता करंडक दलिचंदांचा, टेबल दलिचंदांचं, टेबल ठेवलेलं ते सरकीच्या तेल मिलचं गोडाऊन दलिचंदांचं, मग जिंकणार कोण? दरवर्षी दलिचंदशेठच! आणि दरवर्षी फायनलला त्यांच्यासमोर हरायचा पितांबर, त्यांच्याच मिलमध्ये ढेपेच्या, म्हणजे गुरांच्या पेंडीच्या, पोत्यांवरचा सुपरवायझर… आणि हरला म्हणजे कसा? मुद्दाम हरला हो, मुद्दाम!

त्र्याऐंशीला क्रिकेटचा वर्ल्ड कप आला आणि गावोगावच्या शेठलोकांना खेळाचा उमाळा आला. दलिचंदशेठ म्हणाले, "क्रिकेटला अकरा माणसं लागते, अकरांचा चाय कोण पाजणार? दोघांचा खेळ बघा." मग मध्य प्रदेशातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातून ते टेबल आग्रा रोडनं ट्रकवर आलं, आणि ट्रकवाल्यानं रिकामी जागा कशाला सोडायची म्हणून वर लसणाची पोती लादली! शेवटपर्यंत त्या हिरव्या कापडाला लसणाचा वास, गोडाऊनला ढेपेचा वास, आणि त्यात माणसं इस्त्रीचे कपडे घालून काठीला खडू लावतायत…

आणि व्यावसायिक म्हणजे काय? शेठनी स्वतःच ठरवलं, ज्याचा व्यवसाय आहे तो व्यावसायिक! दाताचा डॉक्टर आला, पिठाच्या गिरणीवाला आला, भांड्यांचा दुकानदार आला. पितांबर तर पगारी नोकर, त्याला कसा घेतला? घरी त्याची बायको सुनंदाबाई पापड लाटून विकायची… झाला व्यावसायिक! पंच होता कौतिक, लग्नाच्या बँडात क्लॅरिओनेट वाजवणारा. का? त्याच्याकडे पांढरे हातमोजे होते!

पहिल्या फायनलला शेवटचा काळा बॉल उरला. तो घातला की पितांबर चॅम्पियन. भोकाच्या तोंडाशी बॉल, फुंकर मारली तरी जाईल… आणि हुकला! शेठनी घातला, शेठ जिंकले. पितांबरला वाटलं, आपला हात हलला. मान खाली घालून बाहेर आला तर पानटपरीवर चार जण उभे. "हुशार शे भो! मालकले जितू दिधं!" आणि पितांबर हसला. बोलला काही नाही, नुसता हसला. तिथंच घात झाला हो! पुढच्या वर्षी पुन्हा हरला, तोवर सगळ्या धुळ्याला पाठ झालं होतं. मुद्दाम हरला, मुद्दाम! आणि दोन-तीन वर्षांनी तर त्याचं त्यालाच आठवेना, हात हलला होता की हलवला होता.

तुम्हाला सांगतो, जिंकणाऱ्याला मान नव्हता एवढा मान ह्या हरणाऱ्याला! लग्नात पितांबरला पहिल्या पंगतीत पाट. "खरा चॅम्पियन तर हाच!" शेठना हार घालायचे आणि डोळा पितांबरकडे बघून मारायचे. सुनंदाबाई पापडाबरोबर नवऱ्याचा त्यागही विकायची. "आमच्या ह्यांनी मनात आणलं तर मुंबईच्या खेळाडूंना धूळ चारतील, पण खाल्ल्या मिठाला जागतात." आणि शेठ? शेठना काय ऐकू येत नव्हतं? करंडक उचलताना म्हातारा एकदा पितांबरकडे बघायचा, काहीतरी विचारायचं असल्यासारखं… आणि राहू द्यायचा.

एक्क्याण्णवला शेठच्या पोरांनी मिल विकली, टेबलाचं गोडाऊन तेवढं शेठनी ठेवलं. पितांबरला जळगावला पाइपच्या कारखान्यात नोकरी लागली. आता कोण मालक, कोण नोकर? झालं! अख्ख्या खान्देशात एकच बोलणं, यंदा पितांबर खरा खेळणार! रावेरहून त्याचा सासरा केळीच्या ट्रकमधून आला, बरोबर अर्धा गाव. सुनंदाबाई ओवाळणीचं ताट घेऊन पहिल्या रांगेत. समोर दलिचंदशेठ, सत्तरीला टेकलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, एका डोळ्यावर हिरवी झापड! आता एक डोळा झाकलेल्या म्हाताऱ्याशी खेळायचं, ह्याला काय फायनल म्हणतात?

पितांबरनं पहिला फटका मारला, आणि पांढराच भोकात! कौतिकनं हातमोजा वर केला, "फाऊल!" लोक हसून लोळले. "अजून नाटक करतोय!" दुसरा हुकला… टाळ्या! तिसऱ्या फटक्याला लाल बॉलला स्पर्शसुद्धा नाही… शिट्ट्या! "खेळवतोय म्हाताऱ्याला!" पितांबरला घाम फुटला. तो जीव ओतून खेळत होता हो! जन्मात इतक्या जिवावर कधी खेळला नव्हता, आणि इतका वाईटही कधी खेळला नव्हता. इकडे म्हातारा झापडीच्या कडेनं मान वाकडी करून एकेक बॉल घालतोय, टक्… टक्… हळूहळू शिट्ट्या थांबल्या. सासऱ्यानं तंबाखू मळायची थांबवली. सुनंदाबाईच्या ताटातलं निरांजन विझलं आणि तिला कळलंसुद्धा नाही. शेवटचे रंग टेबलावर तसेच राहिले. पितांबर एवढा मागे पडला होता की काळ्यापर्यंत जायची गरजच उरली नाही.

शेठ टेबल फिरून पितांबरपाशी आले. म्हाताऱ्याचा चेहरा असा फुललेला की विचारू नका. हळूच म्हणाले, "पितांबर, आता मी तुझा मालक नाही. खरं बोल. आज तू खरा खेळला ना?"

केवढा साधा प्रश्न! 'हो' म्हणायचं, म्हातारा आनंदानं नाचला असता. पण सासरा बघतोय, बायको बघतेय, अर्धं रावेर बघतंय… आणि पितांबर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "नाही शेठ. तुमचा डोळा बघितला, दया आली. मुद्दाम हरलो."

गोडाऊन दणाणलं! "वाह रे वाह, पितांबरभाऊ! मुद्दाम हारना!" शेठ तिथंच उभे. मग टेबलावरचा करंडक उचलला, पितांबरच्या हातात दिला. "मग हा तूच घे." आणि पितांबरनं घेतला हो! घेतला! लोकांनी त्याला खांद्यावर बसवला, सुनंदाबाईनं निरांजन पुन्हा लावून ओवाळलं, आणि शेठ मागच्या दारानं एकटे घरी गेले.

संपली स्पर्धा. पुढच्या वर्षी नाही, नंतर कधीच नाही. टेबल खोललं, खालच्या फरश्या निघाल्या त्यांवर आता कुणी कुणी धुणं धुतं.

बरं, पितांबरला झोप लागेना. पंधरवड्यानं तो जळगावहून धुळ्याला आला, थेट शेठच्या बंगल्यावर. खरं सांगायला! शेठाणी झमकूबाईंनी आत घेतलं. शेठ आरामखुर्चीत पेपर वाचत होते, झापड निघाली होती. "बोल." पितांबरच्या तोंडात वाक्य तयार होतं, शेठ, तुम्ही खरंच जिंकलात. एवढंच! पण तेवढ्यात त्याच्या डोळ्यांसमोर घरचा करंडक आला, सुनंदाबाईनं चिंचेनं घासून फळीवर मांडलेला, आणि शेजारणी बघायला आलेल्या…

"डोळा कसा आहे, ते विचारायला आलो."

"अच्छा है," शेठ पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "माणसं साफ दिसतात आता."

चहा आला, तो प्यायला, बशी खाली ठेवली, आणि चारची जळगाव गाडी पकडली… उभ्यानं गेला हो, जागासुद्धा मिळाली नाही.