पिवळ्या फितीचं अंतर

नाही, ते अंतर मोजायचं यंत्र पिशवीतच राहू दे. माझ्या मचाणावर नाही चालायचं. देवानं डोळे कशाला दिलेत? सांग बरं, ती पडलेली फांदी किती लांब? वीस मीटर? चौदा आहे, जावईबापू. वरून खाली बघताना सगळं लांब वाटतं, त्यात दिवस कलला की विचारूच नको — भलेभले फसतात. म्हणून तर झाडांना फिती बांधल्यात. पांढरी वीस मीटरवर, पिवळी तीसवर. आमच्या टेकड्यांत सगळे असंच करतात, तुमच्या बुडापेस्टात काय करतात देव जाणे.

घे, पाव घे. खारवलेली चरबी इलकानं दिलीय — तुला जाड काप, बापाला पातळ, पोटच्या पोरीचा न्याय बघ. तू तिला नेणार त्या रॉटरडॅमला मिळते का रे अशी? नाही ना? मग खाणार काय ती तिकडे? — नाही, मी काही बोलत नाही. सगळ्या शिकारी मंडळासमोर बोलून बसलोय ना, पालिंका चढलेली असताना, की माझ्या मचाणावरून धनुष्यानं जो कोणी नर हरीण टिपेल त्यानं इलकाला खुशाल न्यावं, हा वेंडेल हूं की चूं करणार नाही. मला काय ठाऊक, तू दुसऱ्याच दिवशी धनुष्य विकत आणशील? आता शब्द म्हणजे शब्द. आई लवकर गेली तिची. वेण्या मीच घालायचो, वाकड्या, पण घालायचो. ती गेली की घर खायला उठेल मला — असो.

तर ती पिवळी फीत. ती तीसवर नाही, तेवीसवर आहे. सकाळी मीच हलवली. असं बघू नकोस, मचाण हलतंय. हिशोब साधा होता — तू तीसचा नेम धरणार, बाण पाठीवरून जाणार, जनावराला ओरखडाही नाही आणि तू हात हलवत परत. पण दुपारी अंगणात तुझा सराव बघितला. बाण सोडताना हात खाली पडतो तुझा. म्हणजे बाण वरून न जाता कण्यात घुसणार, आणि तो बिचारा मागचे पाय ओढत रात्रभर झुडपात पडणार. तुझी फजिती मला चालली असती, बार्नाबाश. त्याचे हाल नाही चालायचे.

हलू नकोस. आलाय. फितीपाशीच उभा आहे, मान खाली आहे. तेवीस — तेवीसचा नेम धर, हात वर ठेव, आणि वर्षातून दोनदा तरी तिला घेऊन येत जा. आता मी गप्प.