हलल्याशिवाय दिवा नाही

“बाई, त्या भिंतीला खिडकी येणार नाही, नकाशा पास झालाय,” असं तो मला चौथ्यांदा म्हणाला, आणि तुम्हाला सांगते, हा बाई म्हणणारा आर्किटेक्ट कोण, तर माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा! म्हणजे प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळं कॉलेज मला मावशी म्हणतं, आणि सख्खा भाचा चारचौघांत म्हणतो बाई... असो, मला काय कळतंय म्हणा. मी प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणारी. बत्तीस वर्षं धुतेय, तळाशी काय चिकटलंय ते बघून पोरांनी कुठे माती खाल्ली ते सांगते. हे कुठल्या पदवीला शिकवतात?

आता विज्ञानाची नवी इमारत वाईट आहे, असं मी म्हणत नाही हं. जुनीच्या विटा हिच्यात बसवल्यात, छपरावरचं पाणी टाकीत आणि टाकीतलं थेट माझ्या मोरीत. येता-जाता मी उगाच दोन मिनिटं बघत उभी राहते. पण सोमवारी प्रयोगशाळेची उत्तरेची भिंत चढणार, बिनखिडकीची! का? तर भाचा सांगतो, नाकातून, लहानपणापासून तसाच बोलतो, “खिडकी नाही म्हणजे ऊन नाही, ऊन नाही म्हणजे खोली थंड, खोली थंड म्हणजे वीज कमी.” अरे, त्या बाजूला ऊन येतं कधी? बत्तीस वर्षांत माझं एक फडकं तिकडे वाळलेलं नाही. बरं, मग उजेड? तर म्हणे दिवे हुशार आहेत, माणूस हलला की लागतात, थांबला की विझतात. “इथे माणसं हलायला येतात का रे?” मी म्हटलं, “इथे एका थेंबाकडे बघत श्वास धरून उभं राहावं लागतं.” तर प्राचार्य म्हणतात, “मावशी, तंत्रज्ञान आहे, विश्वास ठेवा.” ठेवला. मला काय कळतंय म्हणा.

नमुन्याची एक बिनखिडकीची खोली दिव्यांसकट तयार होती. तिथे मी नळी आणि चंबू मांडला. “चला भाचेसाहेब, वरून थेंब थेंब सोडा, खालचं पाणी फिकट गुलाबी झालं की थांबा, एक थेंब जास्त पडला तर सगळं वाया.” वाकला बिचारा, जीभ दातांत धरून. प्राचार्य बघतायत, मी बघतेय, कुणी हलेना... आणि गेला दिवा. “हात हलवा, हात हलवा,” म्हणत प्राचार्यांनी बुडत्या माणसासारखे हात मारले तेव्हा कुठे उजेड पडला, तोवर चंबूत गडद सरबत झालेलं. पुन्हा मांडलं, पुन्हा अंधार, पुन्हा सरबत. तिसऱ्या खेपेला भाच्याने प्राचार्यांना खोलीभर चालायलाच लावलं. ते धापा टाकतायत, हा थेंब मोजतोय, आणि तरी शहाणा म्हणतो, “बाई, दिव्यांची वेळ वाढवता येईल.”

मग मी एकच वाक्य बोलले. ते ऐकून प्राचार्य मटकन खुर्चीत बसले आणि भाच्याने पेन्सिल काढून, “किती रुंद हवी, मावशी?” असं विचारत नकाशावर खिडकी आखली. मी म्हटलं होतं, “बांध तुझी भिंत आणि साहेबांना रोज दहा ते पाच इथे येरझाऱ्या घालायला ठेव, मी काय, पुढच्या वर्षी रिटायर होतेय.”