हिरव्या बाईच्या मनातलं

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सुजलेल्या गालावर रुमाल धरून एक आत्या बसल्या होत्या आणि मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन त्यांचा भाचा.

"आत्या, टीव्हीवरच्या त्या जुन्या मालिकेतली परग्रहावरची हिरवी बाई तू होतीस ना? आता मालिकेची कादंबरी करायची, तर तिच्या मनात काय चाललंय ते मला लिहावं लागणार."

"काही चालत नव्हतं. तोंडावर रबरी मुखवटा होता. उकडत होतं."

"पन्नास भाग यानात नुसती उकडत उभी होतीस?"

"मग! संवाद एक नाही. कप्तान बोलला की मान हलवायची."

"आणि आपल्या ग्रहाकडे एकटक बघतेस, तो प्रसंग?"

"कसला ग्रह? समोर चहाची किटली होती."

"अगं, त्यावर लोकांनी पत्रं पाठवली होती!"

"म्हणूनच सांगते, किटलीचं लिहू नकोस."

"बरं, शेवटचा भाग. कप्तान मरतो, सगळे रडतात, तू तेवढी दगडासारखी उभी. मी लिहिलंय, 'तिच्या ग्रहावर रडायची पद्धत नव्हती.'"

"खोड ते."

"का? इतकं छान वाक्य!"

"दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओला कुलूप लागणार होतं. चार वर्षांत तेव्हा पहिल्यांदा मला तो मुखवटा आवडला."

"म्हणजे?"

"आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. हवं तेवढं रडून घेता येतं."

भाच्यानं ते वाक्य खोडलं.

"चल, नंबर आला आपला."

"आत्या, मग लिहू काय?"

"लिही, उकडत होतं."