उणे एकशे एकेचाळीस

(राष्ट्रीय वेळशाळेचं तळघर. तीन घड्याळं, प्रत्येक कपाटाएवढं. ताई इथली प्रमुख. धाकटा भाऊ मंत्रालयात सचिव.)

ताई : दार ओढून घे आधी. तुमच्या मंत्रालयाची गरम हवा या खोलीत चालत नाही.

भाऊ : ताई, टोमणे नंतर. आकडे बाराच्या आत जाणार ना?

ताई : दर पाचव्या दिवशी जातात. सव्वीस वर्षं झाली. तू इस्त्रीचे कपडे घालून आलास म्हणून थांबणार नाहीत.

भाऊ : मागच्या महिन्याचा, कुठल्या देशाचं घड्याळ जगाच्या वेळेपेक्षा किती मागे-पुढे ते दाखवणारा तक्ता विरोधकांनी सभागृहात फडकवला. शेजारी देशाच्या नावापुढे उणे चार, आपल्या नावापुढे उणे एकशे सदतीस. म्हणाले, या सरकारचं घड्याळसुद्धा मागे. सगळे खो खो हसले. मंत्रीसाहेब लालबुंद.

ताई : एकशे सदतीस काय, हे एकाने तरी विचारलं? सेकंदाचे शंभर कोटी तुकडे कर. त्यातले एकशे सदतीस. तेवढ्यात तुझ्या साहेबांची पापणी हलत नाही.

भाऊ : लोकांना फक्त उणे दिसतं. साहेब म्हणाले, घड्याळ पुढे करून शून्य पाठवा, नाहीतर त्या तक्त्यातून बाहेर पडू. आपण सार्वभौम देश. आपल्याकडे किती वाजले हे परक्यांनी का सांगायचं?

ताई : अरे गाढवा, त्यांच्याकडे स्वतःची वेळ आहेच कुठे? जगभरच्या ऐंशीएक वेळशाळांतली चारशेवर घड्याळं, त्यांची सरासरी म्हणजे जगाची वेळ. त्यात ही आपली तीन. आपण वेळ मागत नाही बाबा, देतो. आणि तुम्ही निघालात पंगतीतून ताट उचलून, वर म्हणे स्वाभिमान.

भाऊ : पण आपलं घड्याळ चुकतंय ना?

ताई : मागे आहे. चुकत नाही. रोज तितकंच मागे पडतं, एका कणाचा फरक नाही. जो माणूस रोज पाच मिनिटं उशिरा येतो त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. कधी लवकर, कधी उशिरा येतो त्याच्यावर नाही. सरासरीत मान चालीला असतो, शून्याला नाही. शेजारी दर महिन्याला घड्याळ ढकलतात. दिसतं उणे चार आणि हिशेबात कुणी धरत नाही. आपलं ते मधलं जगातल्या पहिल्या दहांत आहे.

भाऊ : हे कधी बोलली नाहीस.

ताई : तुम्ही कधी विचारलंत? शून्य हवं म्हणून हुकूम तेवढे पाठवता. नवीन असताना मीही ढकललं होतं एकदा. पाहुणे येणार होते, मला मिरवायचं होतं. पुढे सहा महिने जगाच्या वेळेत आपला देश नव्हता. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला झोप येत नव्हती.

भाऊ : माझ्या पिशवीत तुझ्या बदलीचा हुकूम आहे. शून्य गेलं नाही तर आजच लागू.

ताई : दे इकडे. सही करून घेते. पण आजचा आकडा मीच पाठवणार.

भाऊ : निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुझी. कुठे फेकतील माहितेय? घरचे सगळे मलाच बोल लावतील.

ताई : लावू देत. माझी अडचण वेगळी आहे. इथे एकाने वाचायचं, दुसऱ्याने ताडून पाहायचं, दोघांच्या सह्या. माझ्या जोडीदाराला तुम्ही सकाळीच सक्तीच्या रजेवर पाठवलंत.

भाऊ : मीच पाठवलं.

ताई : मग तूच ये. सरकारी अधिकारी चालतो, नियमात आहे. हात मागे बांध, कपाटाला टेकू नको. तो पडदा वाच.

भाऊ : उणे एकशे एकेचाळीस.

ताई : पुन्हा.

भाऊ : उणे एकशे एकेचाळीस. ताई, कागदावर हे तू आधीच लिहून ठेवलंयस.

ताई : तीन दिवसांपूर्वी. चाल ठाऊक असली की आकडा आधी सांगता येतो.

भाऊ : साहेबांना काय सांगू?

ताई : खरं ते सांग. नाहीतर सही करू नको, जा.

भाऊ : …पेन दे. इथे वाचल्याची वेळ लिहायचीय. कोणती लिहू?

ताई : आपली लिही.