वाळक्या पानाची स्लाइड

आमच्या ह्यांचा आणि जोगळेकर भावजींचा फुलपाखराचा वाद तुम्हाला माहीत नाही? मग चहा घ्या आणि ऐका. आम्ही तेव्हा, म्हणजे नव्वदनंतर, इकडे कानडी मुलखात जे. पी. नगरला नवीनच राहायला आलो होतो. हे दोघं आठवडाभर सरकारी कारखान्यात इंजिनिअर आणि रविवारी फुलपाखरांचे तज्ज्ञ.

एकदा बन्नेरघट्टाच्या जंगलात एक दुर्मीळ फुलपाखरू दिसलं. पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान! हे म्हणाले, "ब्लू ओकलीफ." भावजी म्हणाले, "छे! डेड लीफ म्हणतात त्याला." झालं, तिथंच जुंपली. ह्यांनी कॅमेरा माझ्या हातात कोंबला.

पुढच्या रविवारी प्रोजेक्टरने आमच्या भिंतीवर स्लाइड लावली. भावजी पट्टीने दाखवायला लागले, "ही पंखावरची शीर बघ. ही जातच वेगळी आहे."

"शीर काय बघतोस? टोक बघ. मादी आहे ती," हे ओरडले.

चहा गार झाला, तरी दोघं गरमच.

शेवटी मी म्हटलं, "अहो, स्वल्प थांबा, थोडं थांबा. तुमचं भांडण चालू असतानाच ते उडून गेलं. रोल संपवायचा होता, म्हणून मी शेजारच्या पानाचा फोटो काढला. हे पान आहे, पान!"

 भावजींनी चष्मा पुसून स्लाइडकडे नीट पाहिलं.

"वहिनी," ते म्हणाले, "पान असं दिसत नाही."

"तेच सांगतोय मी मघापासून," हे म्हणाले.

दोघांचं एकमत झालेलं मी आयुष्यात तेवढंच पाहिलं.