मशीन लावल्यावर उरलेला तुकडा

— नाही नाही, बंद करून चालू केलंय. तेच विचारणार होता ना? सोमवारपासून या घरात तेवढं एकच काम मन लावून चाललंय साहेब, बंद करायचं नि चालू करायचं. एवढ्या वेळा माझी झोप कुणी बंद-चालू केली असती तर मीही उठलो नसतो. त्या खुर्चीवर नका बसू, तिचं एक चाक निसटतं. ही घ्या. चार दिवसांनी एक माणूस पाठवलाय तुमच्या कंपनीनं, तो पडला तर दुसरा यायला आठवडा जायचा.

बाहेरच्या खोलीतला नेटचा डबा बघितलात ना? त्याचे दिवे हिरवेगार आहेत, आम्हीही बघतो रोज. दिवाळखोरसुद्धा दारावर दिवा लावतोच की. — काय म्हणता, तुमच्या मोबाइलवर नेट येतंय? येणारच, डब्यात खोट नाहीच. खोट या कॉम्प्युटरमध्ये आहे, हे मी अडाणी माणूस तुम्हाला सांगतोय, आणि तुम्ही गळ्यात फोटो अडकवून आलाय. कोपऱ्यात ते पंख्यासारखं चिन्ह असायचं, रेघांचं, ते आता दिसतच नाही. कमी-जास्त नाही, जोडतोय-तुटतोय नाही, मुळात नाहीच. सून म्हणते, जणू या कॉम्प्युटरला वायफाय कधी नव्हतंच, अशा थाटात बसलाय. मी म्हटलं, माणसंही बसतात तशी.

कॉम्प्युटर तिचाच. ती दवाखान्यांचं काम करते घरून. तिकडं डॉक्टर बोलून ठेवतात — याचं यकृत, त्याचा गुडघा — आणि ही कानाला ते हेडफोन लावून ऐकते नि टाइप करते. सकाळी नऊला कान झाकले की संध्याकाळी सहाला उघडणार. जगातल्या सगळ्या दुखणेकऱ्यांचं ऐकून होतं तिचं. इकडं मला दोन महिने खोकला आहे. पण मी काही डॉक्टर नाही ना, माझं कोण टाइप करणार. — नाही, तक्रार नाही माझी. पोर कष्टाळू आहे. माझा मुलगा जाऊन तीन वर्षं झाली. दुसरी असती तर पंधराव्या दिवशी भावाकडं निघून गेली असती. ही राहिली. म्हणाली, दादा, हे काम कुठूनही होतं, मग इथूनच करीन. तर हे एवढं यंत्र आहे ना, त्याच्यावर हे घर उभं आहे, खांबाबिंबावर नाही.

आणि आता ते पडायला आलंय. काल तिच्या साहेबांचा फोन आला. आज पाचपर्यंत काम सुरू झालं नाही तर सोमवारपासून दुसरी बाई. फोनच्या नेटवर करू म्हणाली तर ते चालत नाही त्यांना, दवाखान्याचे नियम. आणि भाऊ टपलेलाच आहे तिकडं. त्यानं त्याच्या गावात एका ऑफिसात जागा बघून ठेवलीय. कागद पाठव म्हणाला. त्या कागदांच्याच झेरॉक्स काढायला गेलीय आत्ता. किती वाजले? सव्वाचार. म्हणजे पाऊण तास आहे तुमच्याकडं. घाई नाही, सावकाश करा. तुमच्या कंपनीला घाईची सवय नाही, उगाच बाधायची.

सोमवारी तिनं फोन लावला तेव्हा मी इथंच होतो, मोठ्यानं लावला होता तिनं. एक दाबा, तीन दाबा, परत एक दाबा — एवढा वेळ तर माझे पायसुद्धा कधी कुणी दाबले नाहीत. मधेमधे ती बाई सांगायची, तुमचा फोन आम्हाला फार महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा होता म्हणूनच जपून ठेवला असेल चार दिवस. मंगळवारी विचारलं, सून म्हणाली, उद्या येतो म्हणालेत. बुधवारी विचारलं, उद्या येतो म्हणालेत. मी म्हटलं, बाई, हे लोक माझ्या साडूच्या वळणावर गेलेत, तोही लग्नाला उद्या येतो म्हणायचा नि बारशाला उगवायचा.

हं? उघडून बघायचं म्हणता? उघडा की. — थांबा, आधी चहा घेता? बरं, नको तर नको. कॉम्प्युटर जरा वळवा, उजव्या अंगाचा पत्रा निघतो. दोन स्क्रू आहेत मागं. — मला कसं ठाऊक? दिसतात की, डोळे आहेत मला. — तो दुसरा स्क्रू? तो जरा वेगळा आहे, होय. काळा आहे. जाडही आहे थोडा. असेल कारखान्यातूनच तसा आला. … असे बघू नका. शिलाई मशीनचा स्क्रू आहे तो. आता झालं समाधान?

हे बघा, मी चाळीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनं दुरुस्त केली. दीडशे मशीनं होती, सगळी माझ्या हाताखाली. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण मशीन आवाज करायला लागलं की मला घरी झोपल्याजागी कळायचं. तिथला आमचा एक नियम होता, महिन्यातून एकदा प्रत्येक मशीन उघडायचं, ब्रशनं धागे-धूळ काढायची, तेलाचा थेंब द्यायचा नि लावून टाकायचं. नियम म्हणजे माझाच, मालकाला काय पडलीय. तर रविवारी सून म्हणाली, दादा, कॉम्प्युटर फार घरघरतोय. सहज म्हणाली हो. पण तीन वर्षांत या घरात कुणी मला सांगितलं नव्हतं की दादा, अमुक एक बिघडलंय. ती बाजारात गेली नि मी ब्रश काढला.

आत एवढी धूळ, साहेब, एवढी, की गादी भरली असती. पंखा पुसला. तेल नाही दिलं — नाही, खरंच नाही दिलं, अडाणी आहे, खुळा नाही. एक हिरवी पट्टी होती खालच्या बाजूला, तिच्यावरही धूळ, तर मी तीही काढली पुसायला. मागच्या बाजूनं तिला दोन काळ्या काड्या होत्या, शिंगांसारख्या, त्या खिडकीच्या पडद्यात अडकायच्या, त्याही काढल्या. कुणाला वाटेल शोभेच्या आहेत. मग सगळं लावलं, पत्रा बसवला, एक स्क्रू घरंगळला तो काही सापडेना, माझ्या डब्यातला घातला, पेच वेगळा आहे पण बसतो, बसवला की. कॉम्प्युटर चालू केला, आवाज बंद. एकदम गार. मी म्हटलं, हात अजून शाबूत आहे. सोमवारी सकाळी सून बसली नि चिन्ह गायब. आणि मी चष्मा शोधायला गेलो तर खिडकीत फडक्याखाली ती हिरवी पट्टी.

आमच्याकडं म्हणायचे, मशीन लावल्यावर तुकडा उरला तर लावणाऱ्यानं जेवू नये. मी जेवलो. दोन पोळ्या जास्तच जेवलो.

सांगणारच होतो हो. तोंड उघडलंही होतं. पण तिनं त्या दिवशी कानावरचे हेडफोन काढून ठेवले, करायला कामच नव्हतं. स्वयंपाकघरात आली, माझ्यापुढं बसली. मटार सोलायला घेतले. म्हणाली, दादा, तुमचा खोकला कधीपासून आहे हो? मंगळवारी मटार नव्हते तरी बसली. मुलाच्या गोष्टी काढल्या तिनं. शाळेत असताना तो एकदा भिंतीवरून उडी मारून माझ्या कारखान्यात आला होता, ती गोष्ट मी तिला सांगितली, तिला ठाऊकच नव्हती. हसली. या घरात हसणं म्हणजे — जाऊ द्या. सोमवारी पट्टी लपवली ती लाजेनं. मंगळवारी लपवली ती काही लाज नव्हती, साहेब. त्याला काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा. दुसरी बाई, भावाचं गाव, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं? वाटलं, दोन दिवस. चार झाले. आता मी तिला घरात बसवता बसवता घराबाहेर काढायला बसलोय.

ही घ्या. रुमालात आहे. खिशातच होती, घामबीम लागला नसेल. आणि ही शिंगं. लावा लवकर, साडेचार होत आले. काय मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलात — तक्रारीचं काय? बघा ना, सोमवारची, तेच मी सांगतोय. … रद्द? कुणी रद्द केली? तुमच्या ऑफिसनंच केली असेल. ग्राहकानं? कुठला ग्राहक, हे घर सोडून दुसरा कोण? मंगळवारी सकाळी नऊला, म्हणता? आणि बुधवारी परत लावली नि परत रद्द. काल साहेबांच्या फोननंतर तिसऱ्यांदा लावली, ती तेवढी राहिली. याच नंबरावरून. नंबर वाचा बरं. …

हो. तिचाच आहे.

मंगळवारी नऊला ती इथं बसली होती. माझ्यासमोर. गॅलरीत जाऊन आली मधे, म्हणाली, उद्या येतो म्हणालेत, दादा. आणि खाली मान घालून डबे पुसायला लागली. मी तुमच्या कंपनीला शिव्या देत होतो तेव्हा ती म्हणालीसुद्धा, जाऊ द्या ना, येतील, कशाला गरिबांना बोलताय.

… नाही, काही नाही. डोळ्यांत धूळ गेली. म्हणजे, नाही गेली, धूळ मी रविवारीच काढलीय.

लागलं? तिथंच दाबून बसवायची होती होय, मला वाटलं नुसती ठेवलेली असते. आणि शिंगं मागून. चालू करा. — आलं. आलं बघा, पंखा आला कोपऱ्यात. पाच रेघा का चार? पुरे चार, आम्हाला हाव नाही. तो काळा स्क्रू राहू द्या, तुमच्याकडं नसेल तर.

एक ऐका. जिना वाजतोय, तिचीच चप्पल आहे. माझ्या खिशातलं तिच्यापुढं काढायचं नाही. आणि ते रद्दचंही काढायचं नाही. त्यात तुमच्या कंपनीची बदनामी झाली तर होऊ द्या, तिला सवय आहे.

— ये गं. ये, बघ, अवतरले एकदाचे. चार दिवस उद्या-उद्या करत होते ना, हेच ते. आणि आल्यावर केलं काय, तर नुसता एक तुकडा दाबला, आतला सैल झाला होता आपोआप. असंच ना हो, साहेब? — बघ, असंच म्हणतायत. चार रेघा आल्यात, बस तू, अजून वीस मिनिटं आहेत पाचाला. ते झेरॉक्सचं पाकीट दे इकडं, मी ठेवतो. … अगं, माझ्याकडं काय बघतेस, तिकडं बघ, दवाखाने खोळंबलेत. सहाला उठशील तेव्हा बोलू.

तुम्ही या आता. सही ती नंतर करील. दार ओढून घ्या, हळू, तिनं कानाला लावलंय.