कुलूपवाला आणि सार्डिनचा डबा

नाही, मला एक सांगा, डब्याला कडी लावतात ती ओढायला, हे माणसानं ओळखायचं कसं? डब्यावर मासा आहे, तो हसतोय… डब्यात भरल्यावर कोण हसतं हो? बाजूला लाल हृदय काढलंय. पण कडी ओढायची की फिरवायची, एक अक्षर नाही! आणि माझ्यासारख्याच्या हातात कडी दिली तर तो काय करणार? फिरवणार! जन्म गेला माझा कुलपं उघडण्यात. कपाटं, तिजोऱ्या, भांडून आतून कडी लावून बसलेले नवरे, सगळं उघडलंय या हातांनी. हाताला फिरवायचंच माहीत! फिरवली उजवीकडे… कट्! कडी माझ्या हातात, डबा जसाच्या तसा, आणि मासा आपला हसतोय!

तुम्हाला सांगतो, हे सगळं माझ्या लेकीचं. फोनवर म्हणते कशी, "बाबा, त्यात काय एवढं? सार्डिनचा डबा आणा. उघडायचा, ओतायचा, खायचा… झालं!"

झालं म्हणे!

आता मला या वयात स्वयंपाकाची हौस आली होती का? मुळीच नाही. झालं असं, की मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बायको म्हणाली, मी महिनाभर तिच्याकडे जाते. म्हटलं, जा की! तर म्हणते, "जाते, पण डॉक्टरांनी तुम्हाला तेलकट बंद केलंय. मी गेले की तुम्ही वडे खाऊन मराल. आधी एक जेवण तब्येतीचं, स्वतःच्या हातानं करून दाखवा. नाही जमलं, तर ती दोघंच इकडे येतील."

दोघं! कळलं का? मेहुणीबद्दल माझी तक्रार नाही, गरीब गाय आहे. पण तिच्याबरोबर साडू येणार! माझा साडू तुम्ही पाहिलेला नाही, सुखी आहात. हा माणूस टीव्ही लावतो आणि टीव्हीपेक्षा मोठ्यानं बोलतो. माझ्या खुर्चीत बसतो. माझ्याच किल्लीनं कान कोरतो आणि वर मलाच अक्कल शिकवतो. महिनाभर! म्हणजे डबा उघडला तर मी मोकळा, नाही उघडला तर साडू उरावर. आता कळलं, मी का पेटलोय ते?

तर रविवार. बायको मुद्दाम बाजारात गेली, मधेमधे नको म्हणून. मी कांदा चिरला, टोमॅटो चिरले, लिंबू कापलं, कुकरला बटाटे लावले. एवढं सगळं एकट्यानं! आणि शेवटी डबा घेतला… उघडायचा, ओतायचा, खायचा… कट्!

बरं, हार मानली का? कुलपाला घालतो तो आकडा आणला. कडेनं घातला, जरा चाचपलं… अहो, चाचपायला आत काय आहे, मासे! पिचकारी उडाली तेलाची, थेट सदऱ्यावर. तेलकट बंद आहे ना मला? बाहेरून लागलं तर चालतं का, तेवढं विचारून घ्यायला हवं डॉक्टरांना! तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, समोरच्या नर्सबाईंकडे डबा उघडायचं काहीतरी असेलच. डबा घेतला, बाहेर आलो, बेल वाजवली…

आणि मागे वाऱ्यानं दार. धाड्!

किल्ली आत. फोन आत. हत्यारं आत. दुकानात दुसरी हत्यारं आहेत, पण दुकानाची किल्ली कुठे? आत! आणि दाराला कुलूप कुठलं? मी स्वतः निवडून बसवलेलं, ओढलं की लागणारं. गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगतो, "साहेब, किल्ली नसेल तर हे मीसुद्धा उघडू शकत नाही!" लोकांना वाटतं धंद्यासाठी बोलतोय. खरं होतं हो! एकदाच आयुष्यात जाहिरात खरी केली आणि तीच नडली!

नर्सबाई दारात. एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे. "अहो, तुम्ही कुलूपवाले ना? मग उघडा की!"

आत कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारतोय. बाई म्हणतात, "चौकातल्या त्या दुसऱ्या कुलूपवाल्याला बोलावू का?" त्याला? माझ्या दारावर? म्हटलं, बाई, त्यापेक्षा बटाट्यांचा कोळसा झालेला परवडला! बरं, डबा? डबा त्यांनी उघडून दिला. चिमट्यासारखं काहीतरी आणलं, घातलं, कुरकुर… उघडला. आमच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही.

मग काय, बसलो पायरीवर. मांडीवर उघडा डबा, सदऱ्याला तेल, आत शिट्ट्या. आणि भूक! बोटानं उचलला एक मासा, टाकला तोंडात. आणि खोटं कशाला बोलू… चांगला होता हो! त्याचाच जास्त राग आला!

तेवढ्यात ही आली. पर्समधून किल्ली काढली, दार उघडलं, गॅस बंद केला आणि बाहेर येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसली. डब्यातला एक मासा खाल्ला. दुसरा खाल्ला. म्हणाली, "बरे आहेत. लिंबू हवं होतं."

"लिंबू कापून ठेवलंय आत!" मी ओरडलो. "कांदा आहे! टोमॅटो आहे! सगळं आहे! जेवण जमलंय मला!"

म्हणाली, "हो, जेवण जमलं. उपाशी नाही राहायचे तुम्ही." माझा जीव भांड्यात पडला. पडतोय तोवर म्हणते, "पण घराची किल्ली तुमच्या भरवशावर टाकून मी महिनाभर कशी जाऊ?"

आले. दोघंही आले. मेहुणी आतल्या खोलीत, साडू माझ्या खुर्चीत. काल मीच जेवण केलं, आता ते खातं माझ्याकडेच आलंय. कांदा, टोमॅटो, बटाटे, सगळं झालं आणि शेवटी नवा डबा काढला. साडूनं बसल्या जागेवरून हात लांब केला, टीव्हीवरची नजर न काढता कडीत एक बोट घातलं आणि ओढली. सुर्रकन उघडला. "उघडायचा, ओतायचा, खायचा… झालं!" म्हणाला. आणि मग, माझ्याच किल्लीनं कान कोरत, "तुमचा धंदा कसला म्हणालात?"

मी काय केलं? काय करणार… लिंबू पिळलं, आणि वाढलं त्याला.